ट्रेसी पटनम आणि फेनिटोइनचा शोध : गुंगी न आणता आकडी आवरणारे औषध

ट्रेसी जॅक्सन पटनम (१८९४–१९७५) हे अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ आणि मेंदूचे शल्यविशारद होते. ह्यूस्टन मेरिट (१९०२–१९७९) या सहकाऱ्यासह त्यांनी १९३७-३८ मध्ये बोस्टन येथे फेनिटोइन या द्रव्याचा अपस्मारविरोधी गुण सिद्ध केला. भारतात 'एप्टॉइन' या व्यापारी नावाने ओळखली जाणारी गोळी याच द्रव्याची असून, नव्वद वर्षे होत आली तरी ती वापरातून गेलेली नाही. अपस्मारावरील औषधांच्या इतिहासात पटनम यांचे नाव या गोळीमुळे घेतले जाते. तथापि त्यांची खरी देणगी गोळीपेक्षा गोळी शोधण्याच्या रीतीत आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांवर मुद्दाम रचलेल्या चाचणीतून हाती आलेले अपस्मारावरील हे पहिले औषध होय. त्यापूर्वीची दोन्ही औषधे योगायोगाने सापडली होती.

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, 'फिट येणे' अशा अनेक नावांनी हा विकार महाराष्ट्रात ओळखला जातो. चरकसंहितेत अपस्माराचे स्वतंत्र वर्णन आहे. प्राचीन ग्रीसमध्ये तो दैवी कोपाचा विकार समजला जाई, आणि तसे काही नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथही त्याच ग्रीक परंपरेत इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास लिहिला गेला. मात्र निदानाची ही स्पष्टता उपचारात उतरण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांच्या हाती रुग्णाला धीर देण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

पहिली दोन औषधे

१८५७ मध्ये लंडनमधील प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग काही स्त्री-रुग्णांच्या आकड्यांवर होत असल्याचे सांगितले. त्यांची उपपत्ती चुकीची होती. या आकड्यांचा संबंध मासिक पाळीशी व कामवासनेशी आहे आणि ब्रोमाइड वासना शमवते, म्हणून ते आकडीही शमवील, असा त्यांचा तर्क होता. तर्क फसवा असला तरी औषध लागू पडले आणि पुढील अर्धशतक युरोप-अमेरिकेतील अपस्मार-रुग्णालये ब्रोमाइडवर चालली. त्याची किंमत रुग्णांनी मोजली. अंगावर पुरळ, मंदावलेली बुद्धी, अडखळती जीभ, दिवसभराची सुस्ती अशा लक्षणांच्या समुच्चयाला 'ब्रोमिझम' असे स्वतंत्र नाव द्यावे लागले.

दुसरे औषध १९१२ मधले. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी त्या काळी नव्याने आलेले फिनोबार्बिटाल हे झोपेचे औषध अपस्माराच्या रुग्णांना दिले. रुग्णांना स्वस्थ झोप लागावी, हा हेतू. झोप लागली आणि त्यासोबत आकड्यांची संख्याही घटली. ब्रोमाइडच्या मानाने हे औषध बरेच सौम्य होते. 'गार्डिनल' या नावाने ते भारतातही घरोघरी माहीत झाले. ज्यू असलेल्या हाउप्टमान यांना पुढे नाझी राजवटीत छळ सोसावा लागला आणि देश सोडून ते अमेरिकेत, योगायोगाने बोस्टनमध्येच, येऊन राहिले.

या दोन औषधांनी वैद्यकाच्या मनात एक समज घट्ट बसवला : आकडी थांबते ती मेंदू गुंगवल्यामुळे. ब्रोमाइड गुंगी आणते, फिनोबार्बिटाल गुंगी आणते. तेव्हा गुंगी हीच औषधाची क्रिया आणि सुस्ती ही रुग्णाने द्यावयाची दक्षिणा, असे मानले जाई. शाळेत जाणाऱ्या मुलाची आकडी थांबली, पण वर्गात त्याचे डोळे मिटू लागले, तर तक्रार कोणाकडे करणार? पटनम यांच्या संशोधनाला या समजापासून सुरुवात होते. गुंगी आणि आकडीवरील नियंत्रण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत की निराळ्या दोन गोष्टी आहेत, असा प्रश्न त्यांनी घातला आणि तो प्रयोगाने तपासता येईल, अशा रूपात मांडला.

बोस्टनची नगरपालिका-रुग्णालयातील प्रयोगशाळा

पटनम यांचा जन्म बोस्टनमधील एका जुन्या, वैद्यकीय परंपरा असलेल्या घराण्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि आधुनिक मेंदू-शल्यचिकित्सेचे अध्वर्यू हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली साचणाऱ्या रक्ताविषयी कुशिंग यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये लिहिलेला लेख या विषयातील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखांपैकी एक मानला जातो. लहान मुलांच्या मेंदूत पाणी साचण्याच्या विकारावर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न, तसेच मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या कारणांचा शोध, ही त्यांची अन्य कामे. मल्टिपल स्क्लेरोसिसविषयीची त्यांची उपपत्ती काळाच्या कसोटीवर टिकली नाही. पटनम एका प्रश्नाला आयुष्य वाहून घेणाऱ्या संशोधकांपैकी नव्हते. त्यांचे कुतूहल पसरट होते, आणि अपस्माराच्या बाबतीत हा पसरटपणाच उपयोगी पडला, असे म्हणावे लागते. शल्यविशारदाची उपकरणांची सवय, मज्जाविकारतज्ज्ञाचा रुग्णानुभव आणि रसायनांविषयीची उत्सुकता त्या काळी एका व्यक्तीत क्वचितच आढळे.

१९३४ मध्ये बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या मज्जाविकार विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. हे शहराने चालवलेले, गोरगरिबांचे रुग्णालय होते. अपस्माराच्या रुग्णांची तेथे वाण नव्हती. याच सुमारास बोस्टनमध्ये विल्यम लेनॉक्स, फ्रेडरिक गिब्ज आणि एर्ना गिब्ज ही मंडळी मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख काढत होती. मानवी मेंदूच्या लहरींची नोंद करण्याची ही कला जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. १९३५ मध्ये गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले, की क्षणभर भान हरपणाऱ्या मुलांच्या आलेखात सेकंदाला सुमारे ३ या गतीने टोकदार लहरींची ठरावीक नक्षी उमटते. आकडी म्हणजे मज्जापेशींचा अकस्मात, अतिरिक्त विद्युत्-स्राव, हे इंग्लंडमधील ह्यूलिंग्ज जॅक्सन यांचे एकोणिसाव्या शतकातील अनुमान आता कागदावर डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

पटनम यांनी यातून पुढचे पाऊल टाकले. आकडी ही विद्युत्-घटना असेल, तर ती विजेनेच घडवून आणता येईल. तशी घडवता आली, तर ती किती विजेला घडते, हे मोजता येईल. आणि मोजता आले, तर एखादे द्रव्य दिल्यानंतर त्याच प्राण्याला आकडी येण्यासाठी अधिक वीज लागते का, हे पाहता येईल. मांजरांवर त्यांनी ही चाचणी बसवली. ठरावीक पद्धतीने सौम्य विद्युत्-प्रवाह देऊन आकडीचा उंबरठा, म्हणजे ज्या प्रवाहाला आकडी सुरू होते ते मान, आधी नोंदवायचे, मग द्रव्य देऊन तेच मान पुन्हा घ्यायचे. उंबरठा वर गेला तर द्रव्यात काही गुण आहे. त्याच वेळी मांजर चालते-फिरते कसे, पेंगते का, तोल जातो का, हेही टिपायचे. एकाच प्राण्यावर गुण आणि दोष शेजारी-शेजारी मोजण्याची ही सोय म्हणजे या चाचणीचे मर्म होते. औषध गुंगी आणते म्हणून चालते, की गुंगी न आणताही चालते, हा प्रश्न आता मतांचा राहिला नाही.

या कामात त्यांना ह्यूस्टन मेरिट यांची जोड मिळाली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टनचे मेरिट जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९२६ मध्ये डॉक्टर झाले होते. मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचे ते जाणकार होते, आणि शांतपणे, न थकता नोंदी करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. कल्पक आणि काहीसे चंचल पटनम, तर चिकाटीचे आणि नेमके मेरिट, अशी ही जोडी होती.

अडगळीतील द्रव्य

आता चाचणीत घालायला द्रव्ये हवी होती. पटनम यांनी विचार केला तो असा : झोपेच्या औषधांच्या बार्बिट्युरेट कुळात फिनोबार्बिटालच आकडीवर विशेष गुणकारी का? या कुळातील इतर अनेक भावंडे झोप उत्तम आणतात, पण आकडीपुढे फिकी पडतात. फिनोबार्बिटालच्या रेणूत सहा कार्बनांचे एक वलय, रसायनशास्त्राच्या भाषेत 'फिनाइल' गट, जोडलेला आहे. गुण कदाचित या गटात असेल. तेव्हा फिनाइल गट असलेली, पण झोप न आणणारी द्रव्ये तपासावीत. त्यांनी औषधकंपन्यांना पत्रे लिहिली. डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस कंपनीने प्रतिसाद देऊन अनेक द्रव्ये पाठवली.

त्यांत एक होते डायफिनाइल हायडँटॉइन, म्हणजे आजचे फेनिटोइन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख बिल्झ यांनी ते १९०८ मध्येच तयार केले होते. कंपनीच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरले होते, कारण झोपेचे औषध म्हणून पाहिले असता त्याने झोप येत नव्हती. ज्या परीक्षेत ते नापास झाले होते, ते नापास होणेच बोस्टनच्या परीक्षेत गुण ठरणार होते. औषधशास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग आहेत. मात्र इतका स्वच्छ प्रसंग विरळा. द्रव्य तेच, बाटली तीच, मधली जवळजवळ तीस वर्षे हरवली ती योग्य प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून.

मांजरांमध्ये फेनिटोइनने आकडीचा उंबरठा फिनोबार्बिटालपेक्षाही अधिक उंचावला आणि प्राणी जागे राहिले. हे निष्कर्ष मे १९३७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०० रुग्णांवरील अनुभव छापून आला. हे बहुतेक जुनाट रुग्ण होते, ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटाल यांनी ज्यांना पुरेसा उतार पडला नव्हता असे. वारंवार मोठ्या आकड्या येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या आकड्या उपचारकाळात पूर्ण थांबल्या, आणि उरलेल्यांपैकी अनेकांच्या लक्षणीय घटल्या. रुग्ण पेंगत नव्हते. त्याच वर्षी पार्क-डेव्हिसने हे औषध 'डायलँटिन' या नावाने बाजारात आणले. प्राण्यांवरील पहिल्या लेखापासून बाजारापर्यंतचा प्रवास दीड-एक वर्षाचा. आजच्या नियमांत याला दहा वर्षेही अपुरी पडावीत. त्या घाईचे काही परिणाम पुढे दिसायचे होते.

रुग्णांच्या आयुष्यातील फरक आकड्यांत सांगता येण्यासारखा नाही. अपस्माराच्या रुग्णांना शाळा, नोकरी, विवाह यांपासून दूर ठेवणे तेव्हा सर्वमान्य होते, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत त्यांच्यासाठी वेगळ्या वसाहती होत्या. जागेपणी काम करू देणारे औषध उपलब्ध होताच या बहिष्काराला दिली जाणारी वैद्यकीय सबब कमजोर झाली. 'तुमची आकडी थांबेल, पण तुम्ही कामाचे राहणार नाही' हे वाक्य डॉक्टरांना यापुढे म्हणता येईना.

मर्यादा आणि दोष

फेनिटोइन निर्दोष नव्हते. वापर सुरू झाल्यावर लवकरच हिरड्या वाढून दातांवर येण्याचा परिणाम नोंदवला गेला. दंतवैद्यांना तो आजही परिचित आहे. चेहऱ्यावर लव वाढणे, मात्रा जास्त झाल्यास डोळ्यांची थरथर, तोल जाणे, बोलणे जड होणे, हेही आढळले. गर्भवतीने घेतल्यास काही अर्भकांत व्यंगे दिसतात, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७५ मध्ये स्पष्ट केले. औषध येऊन तोवर ३७ वर्षे झाली होती.

सर्वांत अवघड गोष्ट मात्रेची. बहुतेक औषधांत गोळी दुप्पट केली की रक्तातील प्रमाण साधारण दुप्पट होते. फेनिटोइनचे तसे नाही. त्याचे विघटन करणारी यकृतातील यंत्रणा एका मर्यादेपर्यंतच काम पेलते. ती मर्यादा गाठली, की मात्रेतील किरकोळ वाढीनेही रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते. गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांच्यातील अंतर मुळातच थोडे. मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण गुणकारी कक्षा मानली जाते. याचा धडा ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन परिसरात १९६८ च्या सुमारास मिळाला. तेथे पूर्वीच्याच मात्रेत औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांत अचानक विषबाधेची लक्षणे दिसू लागली. शोध घेता असे आढळले, की कॅप्सूलमध्ये भरावासाठी वापरले जाणारे कॅल्शियम सल्फेट बदलून त्याजागी लॅक्टोज घातले गेले होते. औषधाचे प्रमाण तेच होते. पण नव्या भरावामुळे ते आतड्यातून अधिक शोषले जात होते. गोळीतील 'निष्क्रिय' पदार्थ निष्क्रिय नसतात, याचे हे उदाहरण औषधशास्त्राच्या वर्गांत अजूनही दिले जाते.

फेनिटोइन नेमके काय करते, हे पटनम आणि मेरिट यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या काळात ते कळण्याची साधनेही नव्हती. मज्जापेशीच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत येऊ देणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. त्या उघडल्या की पेशीतून विद्युत्-संदेश धावतो आणि लगेच त्या काही काळ मिटतात. फेनिटोइन त्यांना मिटलेल्या अवस्थेत अधिक वेळ रोखून धरते. जी पेशी शांतपणे अधूनमधून संदेश धाडते, तिला याचा अडथळा फारसा होत नाही; जी पेशी बेभान वेगाने पेटलेली असते, तिचीच वाट अडते. गुंगी न येता आकडी आवरली जाते ती या निवडक क्रियेमुळे. पटनम यांच्या प्रश्नाचे पेशीच्या पातळीवरील उत्तर असे अनेक दशकांनंतर मिळाले.

दोन सहकारी, दोन वाटा

१९३९ मध्ये पटनम न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथील न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. मेरिटही १९४४ मध्ये न्यूयॉर्कला आले. दोघांनी द्रव्ये तपासण्याचे काम चालू ठेवले होते. १९४५ पर्यंत त्यांनी तपासलेल्या द्रव्यांची संख्या सातशेच्या पुढे गेली होती.

१९४७ मध्ये पटनम यांनी संस्था सोडली. ते लॉस एंजेलिसला गेले, तेथे रुग्णसेवा करीत राहिले, मात्र विद्यापीठीय संशोधनाच्या मुख्य प्रवाहात परतले नाहीत. मेरिट १९४८ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले, पुढे कोलंबियाच्या वैद्यक शाखेचे अधिष्ठाता झाले, आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मज्जाविकारशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाने अनेक पिढ्या घडवल्या. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार १९६८ मध्ये मेंदूच्या विकाराने अत्यवस्थ झाले, तेव्हा त्यांना तपासण्यासाठी मेरिट यांना लिस्बनला बोलावण्यात आले होते, यावरून त्यांच्या लौकिकाची कल्पना येईल. साहजिकच फेनिटोइनच्या शोधाचे श्रेयही हळूहळू त्यांच्या नावाकडे झुकले.

पटनम यांनी ऐन भरात असताना पद का सोडले, हा प्रश्न मज्जाविकारतज्ज्ञांत दीर्घकाळ कुजबुजीचा विषय होता. मेरिट यांचे शिष्य आणि पुढे कोलंबियातील मज्जाविकार विभागाचे प्रमुख झालेले लुईस रोलँड यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून या दोघांवर पुस्तक लिहिले. विभागातील ज्यू डॉक्टरांना काढून टाका, अन्यथा स्वतः पद सोडा, असा दबाव आपल्यावर आला होता, असे पटनम यांनी पुढे एका पत्रात लिहिल्याचे रोलँड यांनी समोर आणले. शोधाची मूळ कल्पना पटनम यांची होती, असेही त्यांनी नोंदवले. ज्या गुरूच्या संस्थेत आपण वाढलो, त्याच्याकडून काही श्रेय काढून दुसऱ्याला द्यावे लागेल, अशा विषयाला शिष्याने हात घालणे ही गोष्ट सहज घडणारी नव्हे. मेरिट यांचे काम त्यामुळे लहान होत नाही. शेकडो द्रव्ये चाचणीतून नेणे आणि शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवणे हे कल्पनेइतकेच आवश्यक होते.

चाचणीने दिलेले आणि चाचणीने हुकवलेले

बोस्टनच्या चाचणीची पुढील आवृत्ती १९४० च्या दशकात युटा विद्यापीठात सिद्ध झाली. उंदरांना ठरावीक, पुरेपूर विद्युत्-झटका देऊन औषध त्यांचे रक्षण करते का, हे पाहण्याची ही पद्धत स्वस्त, जलद आणि कोठेही करता येण्याजोगी होती. तिच्या जोडीला रसायन टोचून आकडी आणण्याची दुसरी चाचणी आली. या दुसऱ्या चाचणीची गरज का पडली, हे पाहण्यासारखे आहे. क्षणभर भान हरपणाऱ्या मुलांना फेनिटोइनचा उपयोग होत नाही, हे अनुभवाने ठरत गेले. उलट ट्रायमेथाडायोन या द्रव्याचा होतो, असे लेनॉक्स यांनी १९४५ मध्ये दाखवले. विजेच्या चाचणीत मात्र ट्रायमेथाडायोन फारसे चमकत नव्हते. अपस्मार हा एकच विकार नाही, हे अशा रीतीने औषधांनीच सिद्ध केले.

पुढे १९७५ पासून अमेरिकी शासनाने या चाचण्यांवर आधारलेला औषधशोध-कार्यक्रम चालवला आणि जगभरातून आलेली हजारो द्रव्ये त्यातून तपासली गेली. या मार्गाने आलेल्या औषधांनी रुग्णांचे निश्चितच भले केले. तथापि एक शंका हळूहळू बळावली. फेनिटोइन ज्या चाळणीतून सापडले, त्याच चाळणीतून पुन्हा पुन्हा फेनिटोइनसारखीच द्रव्ये सापडणार. शिवाय ही चाचणी निरोगी प्राण्यात मुद्दाम आणलेली आकडी थांबवते का, एवढेच सांगते. अपस्मार जडलेल्या मेंदूत काय होईल, ते सांगत नाही. लेव्हेटिरासिटॅम हे आज भारतातही सर्रास लिहून दिले जाणारे औषध या दोन्ही पारंपरिक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाले होते. वारंवार सौम्य उत्तेजन देऊन ज्यांच्या मेंदूत अपस्मारासारखी अवस्था निर्माण केली होती, अशा प्राण्यांत मात्र ते प्रभावी ठरले. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि ते मेंदूत कोठे बसते, याचा उलगडा २००४ मध्ये झाला. एका परीक्षेत नापास झालेल्या फेनिटोइनला दुसऱ्या परीक्षेने तारले होते. साठ वर्षांनी त्या दुसऱ्या परीक्षेवरही तीच वेळ आली.

औषधांची संख्या वाढली तरी सर्वांना उतार पडलेला नाही. ग्लासगो येथील पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा पाठपुरावा करून २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६३ टक्के रुग्ण आकडीमुक्त झाल्याचे आढळले. म्हणजे तीनांतील सुमारे एकाच्या आकड्या औषधांना दाद देत नव्हत्या. हे प्रमाण नंतरच्या औषधांनीही फारसे हललेले नाही. आजची औषधे आकडी थोपवतात; अपस्मार जडूच नये, असे करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही.

भारतातील स्थिती

भारतात अपस्माराने ग्रस्त असलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात असल्याचे अंदाज आहेत, आणि ग्रामीण भागातील मोठ्या संख्येने रुग्ण नियमित उपचारांपासून दूर आहेत. आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात किल्ली देणे हे प्रकार अजून दिसतात. त्यांचा उपयोग नसतो. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जाते. रुग्णाला कुशीवर वळवणे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करणे, तोंडात काही न घालणे आणि आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबल्यास रुग्णालयात नेणे, एवढे पुरेसे असते.

स्वस्त आणि जुन्या औषधांवर खेड्यात किती साधता येते, याचा दाखला कर्नाटकातील येळंदूर येथील प्रकल्पाने दिला. बंगळूरचे मज्जाविकारतज्ज्ञ के. एस. मणी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील वस्तीत जाऊन रुग्ण शोधले, त्यांना प्रामुख्याने फिनोबार्बिटाल आणि फेनिटोइन दिले आणि काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. या उपचारांनी बऱ्याच रुग्णांच्या आकड्या आटोक्यात आल्या, असे २००१ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून दिसते. म्हणजे अडचण औषध नसण्याची नव्हती. ते रुग्णापर्यंत आणि रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची होती.

कायद्यातील अडसर याच सुमारास दूर झाला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांसोबत अपस्माराचाही उल्लेख विवाहाच्या अपात्रतेत होता. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द तेथून वगळण्यात आला. विवाह जुळवताना गोळ्या लपवण्याची आणि त्यापायी त्या अचानक बंद करण्याची प्रथा मात्र कायद्याबरोबर गेलेली नाही, अशी मज्जाविकारतज्ज्ञांची तक्रार असते. औषध एकाएकी थांबवल्यास आकड्यांची न थांबणारी मालिका सुरू होण्याचा धोका असतो.

अशा तातडीच्या प्रसंगी शिरेतून द्यावयाच्या औषधांत फेनिटोइन आणि त्याचे सुधारित रूप फॉस्फेनिटोइन यांचे स्थान टिकून आहे. प्राथमिक औषधाने न थांबणाऱ्या प्रदीर्घ आकडीवर फॉस्फेनिटोइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम यांची अमेरिकेत झालेली तुलनात्मक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही औषधे जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांत, यशस्वी ठरली. रोजच्या दीर्घकालीन उपचारात मात्र, विशेषतः तरुण स्त्रियांच्या बाबतीत, डॉक्टर आता नव्या औषधांना पसंती देतात. जे रुग्ण अनेक वर्षे फेनिटोइनवर स्थिर आहेत, त्यांनी एका कंपनीची गोळी सोडून दुसऱ्या कंपनीची घेताना डॉक्टरांना विचारावे आणि गरज भासल्यास रक्तातील पातळी तपासून घ्यावी, असा सल्ला दिला जातो.